दवाखान्याची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, परीक्षा हा शब्द ऐकतांच तुमच्या कपाळावर आठी पडते, हें आम्ही जाणतों. तरीपण परीक्षा नसती, तर वर्षभर केलेल्या श्रमाचें चीज झालें कीं नाहीं, हें ना तुम्हांला कळतें, ना तुमच्या आईबापांना. नवीं पुस्तकें घेतलीं, शिकवणी लावली, पहांटे उठण्याचा नेम केला, एवढ्यावरून विद्या आली असें कोणी म्हणत नाहीं. प्रश्नपत्रिका समोर येते, तेव्हांच खरें काय तें उघड होतें.

हाच न्याय दवाखान्यांना लावून पाहूं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत गांवोगांवचीं उपकेंद्रें, त्यांवर प्राथमिक आरोग्य केंद्रें, त्यांवर ग्रामीण रुग्णालयें आणि सर्वांच्या वर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, अशी आरोग्यसेवेची चढती मांडणी आहे. यांत नेहमीं कांहींना कांहीं सुधारणा चालू असते. नवें यंत्र येतें, परिचारिकांचे वर्ग भरतात, भिंतीवर नियमांचे तक्ते लागतात. समारंभ होतो, फीत कापली जाते, टाळ्या पडतात. परंतु वर्ष लोटल्यावर, ‘या सुधारणेमुळें किती रोगी अधिक बरे झाले?’ हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. ज्यांनीं तो विचारला, त्यांना उत्तरासाठीं वर्षेंच्या वर्षें खर्चावीं लागलीं. त्यांची हकीकत सांगून सुधारणेची परीक्षा कशी घ्यावी हें दाखविणें, हा या लेखाचा हेतु आहे.

साधन, कृति आणि फल

बैरुत शहरांत १९१९ सालीं जन्मलेले डॉ. अवेडिस डोनाबेदियन हे पुढें अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत अध्यापक झाले. १९६६ सालीं लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखांत त्यांनीं वैद्यकीय सेवेचा चांगुलपणा पारखण्याच्या तीन बाजू सांगितल्या. आपल्या भाषेंत त्यांना साधन, कृति आणि फल असें म्हणतां येईल.

इमारत, खाटा, औषधें, यंत्रें, शिकलेले लोक, हीं झालीं साधनें. त्या साधनांनीं रोग्यासाठीं जें केलें जातें ती कृति. डॉक्टरांनीं हात धुतले काय, परिचारिकेनें औषधाचें नांव वाचून पाहिलें काय, बाळंतिणीचा रक्तदाब मोजला काय, हे सर्व कृतीचे प्रश्न होत. आणि शेवटीं रोगी बरा झाला कीं नाहीं, मूल वाचलें कीं नाहीं, हें फल.

शेतकऱ्याच्या मुलाला हें समजावून सांगावयास नको. बैल, वखर आणि बियाणें हीं साधनें. नांगरणी, पेरणी, निंदण या कृति. आणि दिवाळीच्या सुमारास घरांत येणारा कापूस हें फल. ज्याच्या गोठ्यांत बैल उत्तम, त्याचें पीक उत्तम असेलच असें नाहीं. तसेंच फल केवळ कृतीवर अवलंबून नसतें, पावसावरही असतें. म्हणून या तीन बाजूंपैकीं कोणतीही एक पाहून निकाल देणें धोक्याचें आहे. हा धोका कसा उद्भवतो, तें आतां पाहूं.

व्हिएन्ना येथील दोन दालनें

सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत बाळंतिणींचीं दोन दालनें होतीं. पहिल्यांत डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. साधनांचा विचार केला, तर पहिलें दालन अधिक विद्वानांचें. फल मात्र उलटें होतें. १८४६ सालीं पहिल्या दालनांत शेंकडा ११.४ स्त्रिया मरण पावल्या, तर दुसऱ्यांत शेंकडा २.८. गोरगरीब स्त्रियांना हें माहीत होतें, आणि पहिल्या दालनांत आपणांस नेऊं नये म्हणून त्या गयावया करीत.

तेथें इग्नाझ सेमेलवाइस नांवाचा एक तरुण डॉक्टर होता. दोन दालनांत फरक कोणता, याचा त्यानें एक एक करून शोध घेतला. हवा तीच, अन्न तेंच, गर्दी तर दुसऱ्या दालनांतच अधिक. फरक एवढाच उरला, कीं पहिल्या दालनांतील डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासावयास येत. १८४७ च्या मे महिन्यांत त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. पावसाळ्यांत आपल्या विहिरींत जी ब्लीचिंग पावडर टाकतात, तीच ही वस्तु. १८४८ सालीं दोन्ही दालनांतील मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ सारखें, म्हणजे शेंकडा १.३ च्या आसपास आलें.

या हकीकतींत हात धुण्याचें महत्त्व तर आहेच. पण आपल्या विषयाला उपयोगी अशी गोष्ट निराळी आहे. त्या रुग्णालयानें दोन्ही दालनांतील जन्म आणि मृत्यु वर्षानुवर्षें लिहून ठेवले होते. ती वही नसती, तर सेमेलवाइसचें म्हणणें हें केवळ एका तरुणाचें मत ठरलें असतें. त्याच्या हयातींत अनेक विद्वानांनीं तें मानलें नाहीं, आणि १८६५ सालीं तो उपेक्षेंतच वारला. परंतु वहीतील आंकडे मागें राहिले, आणि शेवटीं जगाला ते मान्य करावे लागले.

गडचिरोलीचीं गांवें

व्हिएन्ना फार दूर. आतां आपल्या विदर्भांतच येऊं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानें १९८६ सालापासून ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारें आरोग्यकार्य चालविलें. त्या वेळीं त्या भागांत बहुतेक बाळंतपणें घरींच होत. मूल आजारी पडलें तर दवाखाना लांब, वाट बिकट, आणि बाळबाळंतिणीला घराबाहेर न काढण्याची रूढि. मूल दवाखान्यापर्यंत येत नाहीं, तर दवाखानाच मुलाच्या घरीं कां जाऊं नये, असा विचार बंग दांपत्याच्या मनांत आला. गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकाची शुश्रूषा घरींच करावयाची, अशी ती कल्पना होती.

कल्पना सुंदर होती. पण सुंदर कल्पना आणि यशस्वी कल्पना एकच नव्हेत, हें ओळखून त्यांनीं प्रथम परीक्षेची व्यवस्था केली. योजना चालविण्यासाठीं ३९ गांवें निवडलीं. जेथें ही योजना नाहीं, नेहमींचीच व्यवस्था चालू राहील, अशीं दुसरीं ४७ गांवें तुलनेसाठीं घेतलीं. मग १९९३ ते १९९५ हीं दोन वर्षें दोन्ही गटांत केवळ मोजदाद केली. दर हजार जिवंत जन्मांमागें पहिल्या २८ दिवसांत मरणारीं बालकें पहिल्या गटांत ६२ आणि दुसऱ्या गटांत ५८ आढळलीं. म्हणजे आरंभीं दोन्ही गट जवळपास सारखेच होते; किंबहुना योजनेच्या गांवांची स्थिति किंचित् वाईटच होती.

त्यानंतर १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत योजना चालली. शिकविलेल्या स्त्रिया घरोघर जात. जन्मतांच न रडणाऱ्या मुलाला श्वास घेण्यास मदत करीत, अशक्त मुलाला ऊब देत, अंगावर पाजण्यांतल्या अडचणी दूर करीत, आणि रक्तांत जंतुदोष झाल्याचीं लक्षणें दिसलीं तर औषधोपचारही करीत. दर पंधरा दिवसांनीं त्यांच्या कामावर देखरेख होई.

फल काय मिळालें? तिसऱ्या वर्षीं योजनेच्या गांवांत हजारीं मृत्यु सुमारें २५ वर आले. दुसऱ्या गटांत ते ६० च्या आसपासच राहिले. दोन्ही गटांची तुलना करतां पहिल्या वर्षीं शेंकडा २६, दुसऱ्या वर्षीं ४८ आणि तिसऱ्या वर्षीं ६२ इतकी घट दिसून आली. जंतुदोषाचा हिशेब तर मन हेलावून सोडणारा आहे. उपचार सुरू होण्यापूर्वीं अशा १६३ बालकांपैकीं २७ दगावलीं होतीं. उपचार सुरू झाल्यावर ७१ पैकीं २ दगावलीं. १९९९ सालीं हा वृत्तान्त इंग्लंडांतील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला.

या परीक्षेंतील तीन खुबी ध्यानांत घ्या. पहिली, आरंभापूर्वींची मोजणी. दुसरी, तुलनेचीं गांवें. समजा, त्या तीन वर्षांत रस्ते झाले, पीक चांगलें आलें, आणि त्यामुळें मृत्यु कमी झाले, तर ते दोन्ही गटांत कमी झाले असते. एकाच गटांत घट झाली, म्हणून तिचें श्रेय योजनेला देतां आलें. तिसरी खुबी सर्वांत नाजूक आहे. सेवा करणाऱ्या स्त्रिया एक आणि जन्ममृत्यूंची नोंद करणारे कार्यकर्ते दुसरे, अशी तेथें विभागणी होती. आपला पेपर आपणच तपासावयाचा नसतो.

अशी कसून परीक्षा झाली म्हणूनच पुढें सरकारलाही त्या योजनेवर भरंवसा ठेवतां आला. २०११ सालीं केंद्र सरकारनें आशा कार्यकर्त्यांमार्फत घरीं जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर हातीं घेतला. दवाखान्यांत बाळंत झालेल्या स्त्रीकडे आशाताईनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं जावें, असा त्यांत नेम आहे. पालकांनीं हे दिवस लक्षांत ठेवावे. कारण भेट ठरल्या दिवशीं झाली कीं नाहीं, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणाला कळणार?

जेथें कृति सुधारली, पण फल बदललें नाहीं

येथवर वाचून कोणी म्हणेल, कीं चांगली कृति केली कीं चांगलें फल ठरलेलेंच. या समजुतीला उत्तर प्रदेशांतील एका मोठ्या प्रयोगानें धक्का दिला.

जागतिक आरोग्य संघटनेनें बाळंतपणाच्या वेळीं करावयाच्या अत्यावश्यक गोष्टींची एक यादी तयार केली. उत्तर प्रदेशांतील १२० आरोग्य केंद्रें घेऊन त्यांच्या साठ जोड्या लावण्यांत आल्या. प्रत्येक जोडींतील एका केंद्रांत ही यादी दिली, आणि ती पाळण्यास शिकविण्यासाठीं आठ महिनेपर्यंत अनुभवी परिचारिका पाठविल्या. दुसऱ्या केंद्रांत नेहमींप्रमाणें काम चालू ठेवलें. सुमारें एक लक्ष साठ हजार बाळंतपणांचा मागोवा घेण्यांत आला. २०१७ सालीं निकाल जाहीर झाला.

कृतीच्या बाबतींत निकाल आनंदाचा होता. दोन महिन्यांनंतर पाहिलें तर पहावयाच्या १८ गोष्टींपैकीं नव्या केंद्रांत शेंकडा ७३ पाळल्या जात होत्या, जुन्या केंद्रांत शेंकडा ४२. पण वर्षभरानंतर, शिकविणाऱ्या परिचारिका परत गेल्यावर, ७३ चे ६२ झाले. आणि फल? आई किंवा मूल दगावणें अथवा आईला गंभीर इजा होणें, याचें प्रमाण एका गटांत शेंकडा १५.१ आणि दुसऱ्यांत १५.३, म्हणजे सारखेंच राहिलें.

हा प्रयोग फसला असें म्हणून तो टाकून देणें अन्यायाचें होईल. ज्यांनीं तो केला त्यांनीं हा निकाल लपविला नाहीं, जगापुढें मांडला, हीच त्यांची मोठी सेवा. त्यांनीं केवळ कृति मोजली असती, तर साऱ्या देशांत यशाचे नगारे वाजले असते आणि मुलें मात्र पूर्वींइतकींच मेलीं असतीं. यादीनें आठवण होते, पण हातांत नसलेलें कौशल्य येत नाहीं. संपलेलें औषध कपाटांत उगवत नाहीं. आणि अडलेल्या बाईला मोठ्या रुग्णालयांत नेण्यासाठीं गाडीही मिळत नाहीं. सुधारणा साखळीसारखी असते. एक कडी बळकट केल्यानें सारी साखळी बळकट होत नाहीं.

आपल्या जिल्ह्याचा धडा

आतां आपल्या घरची गोष्ट. ३१ जानेवारी २०२१ रोजीं देशभर पोलिओच्या डोसाची मोहीम होती. त्या दिवशीं घाटंजी तालुक्यांतील कापसी-कोपरी या गांवीं पांच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजीं हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयांत हलवावें लागलें. सुदैवानें सर्व मुलें वाचलीं. या प्रकरणीं तिघां कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

चूक कोणाची, याचें उत्तर शिक्षेनें मिळतें. परंतु पुन्हां असें होणार नाहीं याची हमी काय, याचें उत्तर शिक्षेनें मिळत नाहीं. बाटली उघडण्यापूर्वीं तिच्यावरील नांव मोठ्यानें वाचणें, लसीच्या मेजावर दुसरी कोणतीही बाटली न ठेवणें, शेजारच्या माणसाला दाखवून खात्री करून घेणें, अशा साध्या नियमांनीं ती हमी मिळूं शकते.

पण या नियमांची परीक्षा कशी घ्यावी? येथें एक नवी अडचण येते. असा अपघात क्वचितच घडतो. पुढील वर्षीं तो घडला नाहीं, एवढ्यावरून नियम पाळले गेले असें सिद्ध होत नाहीं. नियम न पाळतांही तो बहुधा घडला नसता. म्हणून जेथें वाईट फल क्वचित् येतें, तेथें कृति मोजावी लागते. किती केंद्रांवर मेजावर एकच बाटली होती, किती ठिकाणीं नांव वाचलें गेलें, हें बाहेरच्या माणसानें न कळवितां जाऊन पहावें आणि लिहून ठेवावें. उत्तर प्रदेशानें आपणांस शिकविलें कीं केवळ कृति पाहून भुलूं नये. कापसी-कोपरी शिकवितें कीं केवळ फलाची वाट पाहत बसूं नये. दोन्ही धडे खरे आहेत, आणि कोणता कोठें लावावा हें ओळखणें यालाच विवेक म्हणतात.

आणखी दोन फसव्या वाटा आपल्याकडे नेहमीं आढळतात. एक ऋतूची. आपल्या भागांत दूषित पाण्यानें होणारे जुलाब पावसाळ्यांत वाढतात आणि हिवाळ्यांत आपोआप ओसरतात. एखाद्या गांवानें भाद्रपदांत विहिरी शुद्ध करण्यास आरंभ केला आणि मार्गशीर्षांत रोगी मोजले, तर घट दिसणारच. ती विहिरींमुळें कीं ऋतूमुळें? यासाठीं यंदाच्या भाद्रपदाची तुलना गेल्या वर्षींच्या भाद्रपदाशीं करावी, आणि जमल्यास शेजारच्या गांवाशींही करावी.

दुसरी वाट लहान आंकड्यांची. समजा, एका गांवांत वर्षांत चाळीस मुलें जन्मतात. गेल्या वर्षीं दोन दगावलीं, यंदा एक. ‘मृत्यु निम्म्यावर आणले’ असा फलक लावण्याचा मोह होतो. पण नाणें दहा वेळां उडविलें तर सात वेळां छाप पडणें नवलाचें नाहीं. हजार वेळां उडविलें आणि सातशें वेळां छाप पडला, तरच नाण्यांत खोट आहे असें म्हणावें. गडचिरोलीस एका गांवावर न विसंबतां ८६ गांवें कां घेतलीं, याचें उत्तर यांत आहे.

सरकारी परीक्षा

सरकारही दवाखान्यांची परीक्षा घेतें. १५ मे २०१५ रोजीं सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेंत स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट आणि जंतुसंसर्गाला आळा यांस गुण दिले जातात. प्रथम दवाखाना स्वतःला तपासतो, मग शेजारच्या संस्थेचे लोक तपासतात, आणि शेवटीं बाहेरचे परीक्षक येतात. बक्षिसासाठीं शेंकडा ७० गुण लागतात. याहून व्यापक अशीं राष्ट्रीय गुणवत्ता मानकें २०१३ सालीं ठरविण्यांत आलीं. त्यांचे आठ विभाग असून शेवटचा विभाग फलांचा आहे. हा क्रम योग्यच आहे. मात्र शेवटचा विभाग वाचावयाचा राहूं नये. प्रशस्तिपत्र चौकटींत बसवून भिंतीवर लावतां येतें. रोग्यांचें कल्याण वहींतच शोधावें लागतें.

आपण काय करावें?

मोठ्या संस्थांची गोष्ट मोठ्यांनीं पहावी; पण मोजण्याची संवय लहानपणींच लागते. शाळेंत जेवणापूर्वीं हात धुण्याचा नियम केला, तर पहिल्या दिवसापासून फलक लावूं नका. प्रथम पंधरा दिवस, कोणास न कळवितां, किती मुलें हात धुतात तें मोजा. मग नियम सुरू करा. मोजणारा वर्ग आणि नियम चालविणारा वर्ग निराळा ठेवा. पोटदुखीनें गैरहजर राहिलेल्यांची संख्या गेल्या वर्षींच्या त्याच महिन्याशीं ताडून पहा. आणि उत्साह ओसरल्यावर, तीन महिन्यांनीं, पुन्हां एकदां मोजा. उत्तर मनासारखें आलें नाहीं, तर तें खोडूं नका.

पालकांनींही गांवच्या दवाखान्याविषयीं बोलतांना इमारतीवर थांबूं नये. ग्रामसभेंत विनयानें चार प्रश्न विचारावेत. सुधारणेपूर्वीं स्थिति काय होती? आतां काय आहे? ही तुलना कशाशीं केली? आणि मोजलें कोणी? हे प्रश्न विचारणें म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणें नव्हे. अपुऱ्या साधनांनीं राबणाऱ्या प्रामाणिक परिचारिकेची बाजू याच प्रश्नांनीं उजेडांत येते. कारण औषधच नव्हतें, ही गोष्टही त्याच वहींत लिहिलेली असते.

झाड कसें आहे हें त्याच्या फळांवरून कळतें, ही प्रभु येशूची शिकवण आपण उपासनेच्या वेळीं ऐकतों. दुसऱ्याची सेवा हेंही एक झाड आहे. त्याला प्रेमाचें पाणी घालावें, हें आपण जाणतोंच. पण हंगाम आल्यावर टोपली घेऊन फळें मोजावयास जावें, आणि कीड दिसली तर ती मान्य करावी, हाही प्रेमाचाच भाग आहे. गडचिरोलीच्या त्या तान्ह्या मुलांसाठीं कोणी तरी पांच वर्षें मोजीत राहिलें, म्हणूनच त्यांना वाचविणारी वाट आपल्या जिल्ह्यांतील घरांपर्यंत येऊन पोंचली.